साखरेच्या साखळीतून लस

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखरेमुळे नावारूपाला आले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे ठिकाणही श्रीपूरच ठरले. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या वाहनांची रांग वजनकाट्यापाशी लागते. या रांगेत ऊस जितका ताटकळतो, तितके कारखान्याचे नुकसान वाढते, हे साखर धंद्यातील लहानथोर जाणतात. या नुकसानीच्या मुळाशी असणाऱ्या पदार्थांपैकी एक म्हणजे डेक्स्ट्रान हे चिकट कर्बोदक.

कारखान्याला नकोसा असणारा हा पदार्थ आणि त्याच्या जातकुळीतील इतर कर्बोदके यांना लसशास्त्रात मात्र मानाचे स्थान आहे. न्यूमोनिया, मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, विषमज्वर अशा जिवाणूजन्य रोगांविरुद्धच्या लशींत कर्बोदके दोन वेगळ्या भूमिका बजावतात. कधी ती लशीचे लक्ष्य असतात, तर कधी वाहक. या दोन्ही भूमिका समजून घेतल्या, म्हणजे सरकारी लसीकरणात तान्ह्या बाळाला ठरावीक आठवड्यांनी टोचल्या जाणाऱ्या काही लशी अशाच का बनवाव्या लागल्या, याचा उलगडा होतो.

शिळा ऊस आणि चिकट रस

ऊस तोडल्यावर त्याच्या कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू आत शिरतो. हा जिवाणू रोगकारक म्हणून ओळखला जात नाही. इडलीचे पीठ आंबवण्यातही त्याचाच मोठा वाटा असतो. उसात मात्र तो साखरेवर ताव मारतो. साखरेचा प्रत्येक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीने बनलेला असतो. जिवाणूने स्रवलेले विकर ही जोडी फोडते आणि सुटलेले ग्लुकोज एकापुढे एक जोडून लांबलचक साखळी तयार करते. ही साखळी म्हणजेच डेक्स्ट्रान. त्यामुळे रस घट्ट होतो, गाळण्यास वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबट व सुईसारखे पडतात आणि उतारा घटतो. यावर साधा व खात्रीचा उपाय एकच : तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळणे आणि गाळपयंत्रे स्वच्छ राखणे.

मैदा, कापूस आणि डेक्स्ट्रान या तिन्हींत मूळ घटक ग्लुकोजच असतो. फरक असतो तो कड्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत याचा. जोडणी बदलली की गुणधर्म बदलतात. पिठातील स्टार्च माणसाला पचते, कापसाचे सेल्युलोज पचत नाही, तर डेक्स्ट्रान पाण्यात सहज विरघळते आणि रक्तात बराच काळ टिकून राहते.

युरोपात या चिकट पदार्थाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता. लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये मद्य चिकट होण्यामागे सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले. १८७४ मध्ये शायब्लर यांनी पदार्थाला डेक्स्ट्रान हे नाव दिले आणि १८७८ मध्ये व्हॅन टीगेम यांनी जिवाणूचे नामकरण केले. औषध म्हणून त्याचा उपयोग सुचला तो १९४० च्या दशकात, स्वीडनमधील उप्साला येथे. बीटापासून साखर करताना रसात सापडणाऱ्या डेक्स्ट्रानचा अभ्यास करताना ग्रोनवॉल आणि इंगेलमन या शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की अतिरक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरेतून हे द्रावण दिल्यास रक्ताचे आकारमान टिकवता येते. साखर कारखान्यातील उपद्रवी पदार्थ असा रुग्णालयात पोहोचला.

जिवाणूंचे साखरी कवच

माणसाला आजारी पाडणाऱ्या अनेक जिवाणूंनी साखरेच्या साखळ्यांचाच आसरा घेतला आहे. न्यूमोनियाला कारण ठरणारा न्यूमोकोकस, मेनिंजायटिसचे मेनिंगोकोकस व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी म्हणजे हिब, विषमज्वराचा साल्मोनेला टायफी या सर्वांच्या अंगावर कर्बोदकांचे आवरण असते. शरीरातील भक्षक पेशींना या निसरड्या आवरणामुळे जिवाणू पकडता येत नाही. आवरणाला चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात असतील, तरच जिवाणू पकडला जातो.

हे आवरण साखरेचे असते, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड अ‍ॅव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. न्यूमोकोकसच्या प्रत्येक प्रकाराचे आवरण वेगळे असते आणि असे शंभरच्या आसपास प्रकार आज ज्ञात आहेत. एका प्रकाराविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्यावर सहसा चालत नाही. म्हणूनच न्यूमोकोकसच्या लशीत एकाच वेळी दहा, तेरा किंवा त्याहून अधिक प्रकारांच्या साखरा घालाव्या लागतात.

आवरणाची साखर वेगळी काढून तीच लस म्हणून टोचली तर? हा प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांवर झाला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार प्रकारांच्या साखरांची ती लस प्रौढांमध्ये प्रभावी ठरली. मात्र त्याच सुमारास पेनिसिलिन आले आणि लशीची निकड कोणाला भासेना. पुढे रॉबर्ट ऑस्ट्रियन यांच्या चिकाटीमुळे १९७७ मध्ये चौदा व १९८३ मध्ये तेवीस प्रकारांची लस अमेरिकेत मान्य झाली.

ज्यांना सर्वाधिक गरज होती, त्या तान्ह्या बाळांना मात्र या लशींचा उपयोग नव्हता. फिनलंडमध्ये १९७४ मध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत हिबच्या शुद्ध साखरेची लस दीड वर्षावरील मुलांचे रक्षण करते, त्याहून लहान मुलांचे करीत नाही, असे आढळले. आणि हिबचा मेनिंजायटिस होतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांतच.

प्रथिनाच्या खांद्यावर साखर

या अपयशाचे कारण प्रतिकारयंत्रणेच्या रचनेत आहे. प्रतिपिंडे बनविण्याचे काम बी-पेशी करतात. परंतु उत्तम, टिकाऊ आणि स्मरणात राहणारी प्रतिपिंडे बनविण्यासाठी त्यांना टी-पेशींचे साहाय्य लागते. टी-पेशी सामान्यतः प्रथिनांचे तुकडे ओळखतात. साखर त्या ओळखत नाहीत. प्रौढांच्या काही बी-पेशी साखरेच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या कड्यांमुळे टी-पेशींविनाही जाग्या होतात. बाळाच्या प्लीहेत ही व्यवस्था सुमारे दोन वर्षांपर्यंत परिपक्व झालेली नसते.

यावरील तोडगा अ‍ॅव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी १९३१ मध्येच दाखविला होता. त्यांनी न्यूमोकोकसची साखर घोड्याच्या रक्तातील प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली आणि ती सशांना टोचली. एकट्या साखरेने जे साधत नव्हते, ते या जोडीने साधले. बी-पेशी साखर ओळखून संपूर्ण जोडी गिळते, आत प्रथिनाचे तुकडे करते आणि ते टी-पेशीला दाखविते. टी-पेशी प्रथिन ओळखते व साहाय्य करते. प्रतिपिंडे मात्र साखरेविरुद्ध बनतात. अशा लशीला संयुग्मित लस म्हणतात आणि तिच्यातील प्रथिनाला वाहक.

ही कल्पना बाळांपर्यंत पोहोचायला अर्धशतक लागले. अमेरिकेत जॉन रॉबिन्स व रेचल श्नीर्सन, तसेच डेव्हिड स्मिथ व पोर्टर अँडरसन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे हिबची संयुग्मित लस सिद्ध केली. १९८७ मध्ये ती दीड वर्षावरील मुलांसाठी आणि १९९० मध्ये दोन महिन्यांच्या बाळांसाठी मान्य झाली. जेथे जेथे ती नियमित दिली गेली, तेथे हिबचा मेनिंजायटिस काही वर्षांतच दुर्मिळ झाला. भारतात हीच लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांविरुद्धच्या एकत्रित लशीतून दिली जाते. वाहक म्हणून बहुधा धनुर्वाताचे निर्विष केलेले टॉक्सॉइड किंवा घटसर्पाच्या विषाचे सीआरएम १९७ हे निरुपद्रवी रूप वापरतात. मूळ विषापेक्षा त्यात अवघ्या एका अमिनो आम्लाचा फरक असतो.

पुण्यातील कामगिरी

संयुग्मित लशी गुणकारी ठरल्या, तरी त्या महाग होत्या. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या आफ्रिकेतील मेनिंजायटिस पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण व पंचवीस हजार मृत्यू नोंदले गेले. तेथील देशांना परवडेल अशी लस करण्यास मोठ्या कंपन्या पुढे येईनात. अखेर जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही संस्था यांनी २००१ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही जबाबदारी स्वीकारली. एका मात्रेची किंमत पन्नास सेंटांपेक्षा कमी हवी, ही अट होती. जोडणीचे तंत्र अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, साखर प्रारंभी नेदरलँड्समधून आली आणि धनुर्वात टॉक्सॉइड पुण्याचेच होते. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो येथे मेनआफ्रिव्हॅक या लशीची मोहीम सुरू झाली. पुढील वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोचण्यात आली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाच्या मेनिंगोकोकसचे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण आढळलेले नाहीत.

या लशीत साखर आणखी एका साध्या कामासाठीही वापरली जाते. गोठवून सुकविलेल्या लशीत थोडी सुक्रोज, म्हणजे नित्याची साखरच, व मॅनिटॉल मिसळतात. पाणी काढून घेतल्यावर नाजूक रेणूंना सांभाळून धरण्याचे काम हे पदार्थ करतात. मेनआफ्रिव्हॅक ही चाळीस अंश तापमानापर्यंत चार दिवस शीतपेटीबाहेर ठेवण्यास २०१२ मध्ये मान्यता मिळाली. वीज नसलेल्या खेड्यांसाठी ही सवलत मोलाची होती.

महाराष्ट्रात याच तत्त्वावरील आणखी एक लस नवी मुंबईत मोठ्या प्रमाणावर दिली गेली. साल्मोनेला टायफीची व्हीआय नावाची साखर धनुर्वात टॉक्सॉइडला जोडून हैदराबादच्या भारत बायोटेकने केलेली विषमज्वराची लस भारतात २०१३ मध्ये मान्य झाली होती. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयोगटातील एक लाखाहून अधिक मुलांना ती मोफत टोचली. सार्वजनिक आरोग्ययंत्रणेने ही लस वापरात आणण्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते.

साखरच वाहक झाली तर?

वरील सर्व लशींत साखर ही पाठीवर बसलेली आणि प्रथिन हे वाहून नेणारे आहे. ही मांडणी उलटवण्याचे प्रयत्नही प्रयोगशाळांतून दीर्घकाळ चालू आहेत. त्यामागे ठोस कारणे आहेत. उपलब्ध वाहक प्रथिने मोजकीच आहेत. बाळाला एकाच काळात अनेक लशींतून तेच टॉक्सॉइड मिळत राहिले, तर शरीराचे लक्ष वाहकाकडे वळून साखरेविरुद्धचा प्रतिसाद काही वेळा मंदावतो. दुसरे असे की, काही जिवाणूंपासून बचाव करण्यासाठी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे हवी असतात, आणि लहान आकाराची शुद्ध प्रथिने एकेकटी टोचली तर प्रतिसाद दुबळा मिळतो.

येथे डेक्स्ट्रानसारखी लांब साखळी उपयोगी पडते. एका साखळीवर प्रथिनाच्या अनेक प्रती जोडता येतात. त्यामुळे बी-पेशीच्या पृष्ठभागावरील अनेक ग्राहींना एकाच वेळी स्पर्श होतो आणि पेशी जोरकसपणे जागी होते. अमेरिकेतील अँड्र्यू लीस, जेम्स माँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एरवी दुर्बल ठरणाऱ्या प्रथिनांना डेक्स्ट्रान जोडल्यावर उंदरांमध्ये प्रतिपिंडे लवकर आणि अधिक प्रमाणात तयार झाली.

इतर कर्बोदकांचे गुण निराळे आहेत. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील मॅनान व बीटा-ग्लुकान यांना ओळखणाऱ्या ग्राही शरीराच्या पहारेकरी पेशींवर असतात. त्यामुळे या साखरांवर लादलेला माल थेट योग्य पेशीच्या हाती पडतो. बीटा-ग्लुकानचे पोकळ कण तर लशीचे घटक भरण्यासाठी कुपीसारखे वापरता येतात. कोळंबी व खेकड्याच्या कवचापासून मिळणारे कायटोसान धनभारित असल्याने नाकातील ओलसर अस्तराला चिकटून राहते. म्हणून सुईविना, नाकावाटे देण्याच्या लशींसाठी त्याचा अभ्यास होतो.

साखर टी-पेशींना दिसत नाही, या समजुतीलाही अपवाद सापडला आहे. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस या जिवाणूची एक साखर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार बाळगते. हार्वर्डमधील डेनिस कॅस्पर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखविले, की पेशी या साखरेचे तुकडे करून ती प्रथिनाप्रमाणेच टी-पेशींपुढे मांडते. प्रथिन पूर्णपणे वगळून साखरेवरच साखर बसवलेल्या लशीची कल्पना यातून पुढे आली. बाळांच्या नित्य लसीकरणात मात्र अशी लस अद्याप आलेली नाही.

डेक्स्ट्रानमधून आलेली रीत

डेक्स्ट्रानवरील कामाचा व्यवहारातील मोठा लाभ वेगळ्याच वाटेने झाला. साखरेला प्रथिन जोडायचे, तर आधी साखरेच्या साखळीवर रासायनिक आकडे तयार करावे लागतात. त्यासाठी पूर्वी सायनोजेन ब्रोमाइड वापरत. ते अत्यंत विषारी असते आणि त्यासाठी लागणाऱ्या तीव्र क्षारीय द्रावणात नाजूक साखरांची मोडतोड होते. लीस यांनी १९९६ मध्ये सीडीएपी या संयुगाची सौम्य रीत मांडली. कमी वेळात, कमी क्षारीय द्रावणात आणि थोड्या टप्प्यांत जोडणी होऊ लागली.

हीच रीत पुढे सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल या लशीत वापरण्यात आली. न्यूमोकोकसच्या दहा प्रकारांच्या साखरा सीआरएम १९७ या प्रथिनाला जोडलेल्या या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली आणि २८ डिसेंबर २०२० रोजी ती भारतात दाखल झाली. गरीब देशांसाठी तिची किंमत मात्रेमागे दोन डॉलर ठरली. तोवर खासगी दवाखान्यांत न्यूमोकोकसच्या एका मात्रेला हजारो रुपये मोजावे लागत. २०२१ मध्ये न्यूमोकोकसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातून देशभर मोफत मिळू लागली. मेनिंगोकोकसच्या पाच गटांविरुद्धची मेनफाइव्ह ही सीरमचीच संयुग्मित लस; २०२३ मध्ये तिला पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने तिचा वापर सुरू केला.

श्रीपूरच्या गाळपात तयार होणारे डेक्स्ट्रान लशीसाठी वापरले जाते, असा याचा अर्थ नव्हे. औषधी डेक्स्ट्रान शुद्ध साखरेपासून, नियंत्रित किण्वनाने आणि ठरावीक लांबीच्या साखळ्या निवडून तयार करतात. लहान-मोठ्या साखळ्यांची सरमिसळ औषधात चालत नाही.

सावधगिरीची बाजू

कर्बोदक वाहकाची एक अडचण रुग्णालयांतील अनुभवातून समजली. डेक्स्ट्रान बनविणारे जिवाणू अन्नात व आतड्यात असतात, त्यामुळे अनेकांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असतात. शिरेतून डेक्स्ट्रान दिल्यावर काही थोड्या रुग्णांना यामुळे तीव्र प्रतिक्रिया आली. त्यावर उपाय म्हणून अगदी आखूड साखळ्यांचे डेक्स्ट्रान आधी टोचून ती प्रतिपिंडे गुंतवून ठेवण्याची पद्धत निघाली. लशीत डेक्स्ट्रान अत्यल्प असते. तरीही निरोगी बाळाला द्यायच्या पदार्थात एवढीशी शंकाही तपासावी लागते. प्रथिन वाहकांच्या मागे कोट्यवधी मात्रांचा अनुभव उभा आहे. कर्बोदक वाहकांना तो अजून मिळवायचा आहे.

तीन मात्रांचे गणित

संयुग्मित लशीमुळे स्मृती निर्माण होते, पण ती पक्की होण्यासाठी मात्रा वेळेवर मिळाव्या लागतात. न्यूमोकोकसची लस बाळाला सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशा तीन वेळी दिली जाते. पेंटाव्हॅलंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. घरी राहणाऱ्या कुटुंबाला हे वेळापत्रक अवघड नाही. सोलापूरसारख्या साखरपट्ट्यात मात्र दर हंगामात ऊसतोड कामगारांची हजारो कुटुंबे बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येतात व मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या परिसरातील कोप्यांत राहतात.

सप्टेंबरच्या आरंभी जन्मलेल्या बाळाचा हिशेब मांडून पाहावा. त्याची पहिली मात्रा ऑक्टोबरच्या मध्यास, मूळ गावी किंवा निघण्याच्या धांदलीत येते. दुसरी डिसेंबरच्या मध्यास, ऐन गळीत हंगामात, आईवडील पहाटेपासून फडात असताना येते. तिसरी जूनमध्ये, कुटुंब परत गावी गेल्यावर. चुलीच्या धुराने भरणारी, थंडी न अडविणारी कोपी हे न्यूमोनियाचा धोका वाढविणारे ठिकाण. आणि नेमकी तेथेच मात्रा चुकण्याची शक्यता अधिक. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असले, तर कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात पुढची मात्रा मोफत मिळते. कार्ड गावीच राहिले, तरी बाळाला लस नाकारली जाऊ नये. एखादी मात्रा चुकली, तर आरंभापासून सर्व मात्रा पुन्हा घ्याव्या लागत नाहीत. राहिलेली मात्रा लवकरात लवकर द्यायची असते. न्यूमोकोकसची पहिली मात्रा मात्र बाळाचा पहिला वाढदिवस उलटण्यापूर्वी मिळालेली असावी लागते. म्हणूनच हंगामाच्या आरंभी कोप्यांतील बाळांची नोंद करणे, हे कारखाना, मुकादम आणि आशा सेविका यांनी मिळून करावयाचे काम आहे.

उसाबाबत साखर कारखान्याने एक धडा केव्हाच घेतला आहे : तोड झाल्यापासूनचा प्रत्येक तास मोजायचा. त्याच फडात वाढणाऱ्या बाळाचे आठवडे तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले, तर प्रयोगशाळेत साखर आणि प्रथिन यांची जोडी जमविण्यासाठी झालेले शंभर वर्षांचे श्रम त्या बाळापर्यंत पोहोचतील.